शिक्षण, कौशल्य आणि बंदरातील रोजगार : न्हावा शेवा परिसराच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

शिक्षणाने कौशल्य वाढते आणि कौशल्य वाढले की चांगला रोजगार मिळतो, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्यातील दोन दुवे वेगवेगळे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वास्तविक पहिला दुवा शाळा, महाविद्यालये आणि प्रशिक्षण संस्थांच्या कामाशी निगडित आहे, तर दुसरा उद्योगाचे स्वरूप, यंत्रसामग्री, भरतीची पद्धत आणि कामगार कायदे यांच्यावर अवलंबून आहे. त्यामुळे पहिला दुवा मजबूत असूनही दुसरा कच्चा राहू शकतो, किंवा रोजगार उपलब्ध असूनही त्याला लागणारे कौशल्य स्थानिक तरुणांकडे नसते असेही घडू शकते. या दोन्ही शक्यता एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील, तर रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदराचा परिसर अभ्यासाला विशेष सोयीचा आहे, कारण भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारा हा प्रदेश एका पिढीच्या अवधीत देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एकाचा शेजारी झाला.

प्रस्तुत लेखात या परिसराची पार्श्वभूमी, महाराष्ट्रातील शिक्षण व कामाच्या संबंधाविषयीची जुनी चर्चा, या प्रश्नावरील तीन प्रमुख भूमिका, शासनाच्या धोरणांचा प्रवास आणि अद्याप न सुटलेले प्रश्न यांचा क्रमाने आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : जमीन, बंदर आणि बदललेले काम

मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर उभारलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावांवरून जगभरच्या जहाज कंपन्या ते न्हावा शेवा या नावानेच ओळखतात. त्याआधी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आणल्या होत्या. या गावांतील आगरी, कोळी आणि कराडी समाजांचे जगणे जमीन आणि खाडी यांच्याशी बांधलेले होते. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले.

या लढ्याचा मुख्य विषय जमीन हा असला, तरी त्याच्या पोटात रोजगाराची मागणी पहिल्यापासून होती. ज्याची जमीन प्रकल्पात गेली त्या प्रकल्पग्रस्ताच्या घरातील तरुणाला त्याच प्रकल्पात काम मिळावे, हा दावा न्यायाच्या भाषेत मांडला जात होता. त्याला उत्तर मात्र अनेकदा पात्रतेच्या भाषेत मिळत असे. शिक्षण आणि रोजगार यांच्या संबंधाची या परिसरातील चर्चा म्हणूनच सुरुवातीपासून दुपदरी राहिली आहे. एका बाजूला हक्क आहे आणि दुसऱ्या बाजूला अर्हता, म्हणजे एखाद्या कामासाठी ठरवलेली किमान शैक्षणिक व तांत्रिक पात्रता.

कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या अर्हतेचा अर्थ लागत नाही. मुंबईच्या जुन्या गोदीत माल पोत्यांनी, पेट्यांनी आणि गासड्यांनी चढत-उतरत असे आणि त्यासाठी हजारो हात लागत. त्या कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा गोदी कामगार कायदा १९४८ मध्ये, तर बाजारपेठा व गोदामांतील हमालांना नोंदणी, वेतन व सामाजिक सुरक्षा देणारा महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ मध्ये झाला. या दोन्ही कायद्यांनी शाळेचे प्रमाणपत्र न मागता कामाला प्रतिष्ठा आणि स्थैर्य देण्याचा प्रयत्न केला. न्हावा शेवा येथे मात्र आरंभापासूनच यांत्रिक हाताळणीवर भर होता. ठरावीक मापाच्या पोलादी पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, माल एकदाच भरला की ती पेटी धक्क्यावरील क्रेनने उचलली जाते आणि ट्रेलर किंवा रेल्वेने पुढे जाते. हमालीची गरज बंदराच्या आतून जवळपास नाहीशी झाली आणि ती बंदराबाहेरील कंटेनर फ्रेट स्टेशन, म्हणजे कंटेनर भरण्याच्या, रिकामे करण्याच्या व साठवण्याच्या आवारांकडे सरकली.

मालकीची रचनाही बदलत गेली. देशातील प्रमुख बंदरांमधील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल येथेच १९९९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर २००६ मध्ये आणखी एक आणि २०१७-१८ मध्ये सिंगापूरच्या पीएसए समूहाचे भारत मुंबई कंटेनर टर्मिनल आले. बंदराच्या स्वतःच्या कंटेनर टर्मिनलचे कामही २०२२ मध्ये भागीदारी करारानुसार खासगी गटाकडे गेले. ज्या व्यवस्थेत बंदर प्राधिकरण जमीन, जलमार्ग आणि नियमन सांभाळते व मालाची हाताळणी खासगी कंपन्या करतात, तिला जमीनमालक बंदराची पद्धत म्हणतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात येथे सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या एककात मोजलेली, वाहतूक झाली. वाहतूक वाढत असताना प्राधिकरणातील कायम नोकऱ्यांचा वाटा आक्रसत गेला आणि कंपन्या, उपकंत्राटदार व वाहतूकदार यांच्याकडील कामाचा वाटा वाढत गेला, ही या परिसराच्या रोजगारातील मूलभूत घडामोड आहे.

शिक्षण आणि काम : महाराष्ट्रातील जुनी चर्चा

शाळेने हाताला काय द्यावे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरतानाच अभ्यासक्रमात हिशेब, मोडी व बाळबोध लेखन-वाचन, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचवले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत श्रम हे शिक्षण घेण्याचे साधन ठरले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातून रूढ झाली. उरण तालुक्यातील फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालय याच संस्थेचे आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या महात्मा गांधींच्या नई तालीम विचारात एखादा उत्पादक हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम मानले गेले.

स्वातंत्र्यानंतर ही चर्चा दोन समांतर वाटांनी गेली. पहिली वाट सामान्य शाळेत कामाला स्थान देण्याची होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६), ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरच्या मातीत घडलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्रातील शाळांत हा विषय आला, पण परीक्षेत त्याला वजन नसल्याने अनेक ठिकाणी तो वेळापत्रकातील एका तासापुरता उरला. याला एक लक्षणीय अपवाद म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेला विज्ञान आश्रम. तेथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी वेल्डिंग, विद्युत जोडणी, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे गावाच्या गरजेतून करत शिकतात. दुसरी वाट वेगळ्या संस्थांची होती. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहिल्या आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवर प्रशिक्षणार्थी घेण्याची जबाबदारी टाकली. आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. या दोन वाटा एकमेकींना क्वचितच मिळाल्या, त्यामुळे शाळेत मागे पडलेल्याने आयटीआयला जावे अशी समजूत रुजली. कौशल्य शिक्षणाच्या दुय्यम प्रतिष्ठेचे मूळ बऱ्याच अंशी या विभाजनात आहे.

पहिली भूमिका : शिक्षण ही गुंतवणूक

या प्रश्नावरील पहिली प्रमुख भूमिका मानवी भांडवलाच्या सिद्धान्ताची आहे. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या या विचारानुसार शिक्षणावर घालवलेला वेळ व पैसा ही यंत्रावरील खर्चाइतकीच खरी गुंतवणूक असून तिचा परतावा वाढलेल्या उत्पादकतेतून आणि म्हणून वाढलेल्या वेतनातून मिळतो. बेकर यांनी केलेला सामान्य आणि विशिष्ट कौशल्यातील भेद बंदराच्या संदर्भात फार उपयोगी पडतो. वाचन, गणित, इंग्रजी किंवा संगणकाची ओळख ही सामान्य कौशल्ये कोणत्याही मालकाकडे चालतात, म्हणून त्यांचा खर्च मालक सहसा उचलत नाही. एखाद्या टर्मिनलच्या विशिष्ट संगणक प्रणालीचे ज्ञान मात्र तेथेच उपयोगी असल्याने तो खर्च मालक करतो.

न्हावा शेवा येथील कामांची उतरंड पाहिली तर या भूमिकेला आधार मिळतो. कंटेनर जहाजावर साखळदंड व सळ्यांनी पक्का बांधण्याचे लॅशिंगचे काम, ट्रेलर चालवणे, फोर्कलिफ्ट व रीच स्टॅकर हाताळणे, यार्डातील रबरी चाकांची आरटीजी क्रेन आणि धक्क्यावरील मोठी क्रेन चालवणे, शीतकंटेनरची दुरुस्ती, यार्डाचे नियोजन, सीमाशुल्काची कागदपत्रे अशी ही साखळी आहे, आणि तीत जसजसे वर जावे तसतशी गणित, यंत्रज्ञान व भाषेची मागणी वाढते. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या संगणकीय हल्ल्याचा फटका येथील एका टर्मिनललाही बसला आणि कामकाज विस्कळीत झाले. बंदर चालवणे हे आता किती मोठ्या प्रमाणात माहिती-तंत्रज्ञानाचे काम झाले आहे, ते त्या घटनेने दाखवून दिले.

या भूमिकेची मर्यादाही तिच्या समर्थकांना ठाऊक आहे. विशिष्ट व्यवसायाचे शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला लवकर काम मिळते, परंतु तंत्रज्ञान बदलल्यावर उत्तरायुष्यात त्यांची पीछेहाट होते, असा निष्कर्ष एरिक हानुशेक व सहकाऱ्यांनी अनेक देशांच्या तुलनेतून २०१७ मध्ये मांडला. याचा अर्थ असा की दहावीनंतर लगेच एका यंत्राचे प्रशिक्षण देणे आणि मुलाला आणखी काही वर्षे सामान्य शिक्षणात ठेवणे यांतील निवड करताना आजची नोकरी आणि उद्याची लवचिकता यांचा तोल सांभाळावा लागतो.

दुसरी भूमिका : पदवी ही खूण

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेली दुसरी भूमिका अशी की उमेदवाराची क्षमता मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे क्षमतेची खूण म्हणून पाहतो. शिक्षणाने कौशल्य वाढले नसले तरी चिकाटी व आकलन असलेल्यांना वेगळे काढण्याचे काम ते करते. या विचाराचा सामाजिक परिणाम रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्ये ‘पदवीचा रोग’ या कल्पनेतून स्पष्ट केला. सर्वजण एक पायरी वर चढले की त्याच कामासाठी मालक एक पायरी वरची अर्हता मागू लागतो आणि कामाचे स्वरूप तेच राहूनही पात्रतेची किंमत चढत जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

बंदर परिसरात या भूमिकेची उदाहरणे दोन प्रकारची आहेत. काही ठिकाणी प्रमाणपत्र कायद्यानेच आवश्यक आहे. आयातदार-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काचे व्यवहार करणाऱ्या कस्टम्स ब्रोकरच्या कर्मचाऱ्यासाठी २०१८ च्या नियमावलीनुसार बारावी ही किमान पात्रता असून विभागाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याला जी-कार्ड मिळते. जहाजावरील नोकरीसाठी १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सुरक्षा प्रशिक्षण आणि सीडीसी हे नाविकाचे अधिकृत ओळख व सेवा पुस्तक लागते. येथे प्रमाणपत्र ज्ञानाची व जबाबदारीची किमान हमी देते आणि त्याची गरज कोणी नाकारत नाही. याउलट नोंदी ठेवणे किंवा कंटेनर मोजणे यांसारख्या कामांसाठी पदवीची अपेक्षा केली जाते, तेव्हा ती अर्जांचा ढीग कमी करणारी चाळणी ठरते, असे या भूमिकेचे समर्थक म्हणतात.

खुणांच्या या व्यवस्थेत अंतर नेहमी किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. १९२७ मध्ये ‘डफरिन’ या जहाजावर सुरू झालेल्या आणि १९७२ पासून ‘राजेंद्र’ जहाजावर चाललेल्या नौप्रशिक्षणाचा वारसा सांगणारी ‘टी. एस. चाणक्य’ ही संस्था १९९३ पासून नवी मुंबईत आहे आणि आता भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे. उरणहून ती जवळ असली तरी तिचा प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून आणि बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणितातून होतो. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या कोळी कुटुंबातील मुलाला भरती-ओहोटी, वारा आणि खाडीचा तळ यांचे ज्ञान असते, पण त्या ज्ञानाला कोणत्याही प्रमाणपत्रात स्थान नसते. राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात आधी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग अशा पारंपरिक ज्ञानासाठी किती होऊ शकेल, हा या भूमिकेतून पुढे येणारा महत्त्वाचा प्रश्न आहे.

तिसरी भूमिका : रोजगाराची रचना निर्णायक

तिसरी भूमिका शिक्षणापेक्षा मागणीच्या बाजूकडे पाहते. फिलिप फॉस्टर यांनी १९६५ मध्ये घानाच्या अभ्यासातून दाखवले की विद्यार्थी व्यवसाय शिक्षण टाळतात ते अज्ञानामुळे नव्हे, तर कार्यालयीन नोकरीत वेतन व प्रतिष्ठा अधिक असल्याचे त्यांना अचूक कळते म्हणून. त्यामुळे अभ्यासक्रम बदलून रोजगाराची रचना बदलत नाही. भारताची आकडेवारीही या दिशेने बोलते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील बेरोजगारी ३.४ टक्के होती. या आकड्यांवरून शिक्षण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण गरीब व निरक्षर तरुणाला बेरोजगार राहणे परवडत नसल्याने तो मिळेल ते काम स्वीकारतो. तरीही शिक्षणाबरोबर वाढलेल्या अपेक्षांना पुरे पडेल इतके योग्य काम अर्थव्यवस्था निर्माण करत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

न्हावा शेवा येथे ही भूमिका तीन मुद्द्यांवर मांडली जाते. पहिला मुद्दा कंत्राटीकरणाचा आहे. काम टर्मिनल कंपनीकडून कंत्राटदाराकडे आणि तेथून उपकंत्राटदाराकडे गेले की कामगारावर प्रशिक्षणाचा खर्च करण्याची कोणाचीच तयारी राहत नाही, कारण शिकलेला माणूस दुसरीकडे जाण्याची शक्यता असते. दुसरा मुद्दा धोरणबदलाचा आहे. आयात माल फ्रेट स्टेशनवर न पाठवता थेट बंदरातून मालकाला देण्याची पद्धत २०१६ नंतर विस्तारली. व्यापाऱ्यांचा वेळ व खर्च वाचला, पण फ्रेट स्टेशनांवरील काम घटण्याची चिंता स्थानिक कामगारांनी व्यक्त केली. तिसरा मुद्दा भरतीच्या माहितीचा आहे. जागा कधी निघते, कोण भरते आणि निवड कशावर होते हे खुलेपणाने कळत नसेल, तर ओळख हीच पात्रता ठरते, ही तक्रार परिसरातील प्रकल्पग्रस्तांकडून वारंवार मांडली गेली आहे.

गमावलेल्या उपजीविकेचा हिशेबही याच भूमिकेत येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडीवर चालणारे जुने कौशल्य हे एक उत्पन्नाचे साधन होते आणि प्रकल्पाने ते हिरावले, हे त्यातून अधोरेखित झाले. नवे कौशल्य देण्याची गोष्ट करताना जुने कौशल्य निरुपयोगी झाल्याची किंमत जमेस धरली पाहिजे, असा या युक्तिवादाचा गाभा आहे.

धोरणांचा प्रवास

गेल्या दोन दशकांत शासनाने या प्रश्नाला कौशल्य विकासाच्या चौकटीत हाताळले. शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता एकाच शिडीवर बसवणारा राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा २०१३ मध्ये आला. १५ जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय कौशल्य विकास अभियान आणि अल्पकालीन प्रशिक्षणाची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. बंदरांवर आधारित विकासाच्या सागरमाला कार्यक्रमातून बंदर परिसरातील तरुणांसाठी बहुकौशल्य केंद्रांची कल्पना पुढे आली आणि त्यासाठी न्हावा शेवा बंदराची निवड झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाजाचा दाखला देत नमूद केले की १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते, तर जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. म्हणून सहावीपासूनच व्यवसायांची ओळख आणि स्थानिक कारागिरांकडे दहा दिवसांचा अनुभव सुचवण्यात आला.

महाराष्ट्राने राज्य कौशल्य विद्यापीठ स्थापन केले, ज्याला २०२४ मध्ये रतन टाटा यांचे नाव देण्यात आले, आणि त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. या योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतन देऊन प्रत्यक्ष आस्थापनेत अनुभव देण्याचा हेतू आहे. वर्गातील अल्पकालीन प्रशिक्षणाकडून कामाच्या ठिकाणच्या अनुभवाकडे धोरणाचा कल वळत असल्याचे त्यातून दिसते. शिकाऊ उमेदवारी कायद्यातील २०१४ ची दुरुस्ती आणि त्यानंतरचे नियम हेही त्याच दिशेचे आहेत. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे त्यांनुसार बंधनकारक आहे.

या प्रयत्नांचे मूल्यमापन संमिश्र आहे. शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ च्या अहवालात उद्योगनिहाय कौशल्य परिषदांच्या कामावर गंभीर आक्षेप घेतले. अल्पावधीचे अभ्यासक्रम, उद्योगाच्या खऱ्या गरजांशी त्यांचा सैल संबंध आणि प्रमाणपत्रांच्या संख्येवर दिलेला भर या त्यांतील मुख्य बाबी होत्या. या योजनांचे समर्थक त्यावर असे म्हणतात की शाळा सोडलेल्या लाखो तरुणांना औपचारिक प्रशिक्षणाचा पहिला स्पर्श याच कार्यक्रमांनी घडवला आणि तेवढ्या मोठ्या प्रमाणावर दीर्घ अभ्यासक्रम चालवण्याची क्षमता देशाकडे नव्हती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

यांत्रिकीकरण आणि स्त्रियांचा सहभाग

बंदरांतील तंत्रज्ञानबदलाचा कामगारांवर होणारा परिणाम हा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७३ च्या गोदीकाम करारातच हाती घेतला होता. १९९३ मध्ये रॉटरडॅम येथे जगातील पहिले स्वयंचलित कंटेनर टर्मिनल सुरू झाल्यानंतर क्रेनच्या केबिनमधील माणूस नियंत्रण कक्षात बसून काम करू शकतो हे स्पष्ट झाले. या बदलाचे दोन अर्थ लावले जातात. काहींच्या मते त्यामुळे मध्यम कौशल्याची कामे घटतात आणि स्थानिकांना मिळालेला टप्पा हातून निसटतो. इतरांच्या मते शारीरिक बळावर आधारलेले अडसर दूर होतात. केरळमधील विळिंजम बंदरात स्वयंचलित क्रेन दूरस्थ पद्धतीने चालवण्याच्या कामावर स्त्रियांची नियुक्ती झाली, त्यांत स्थानिक मच्छीमार समाजातील तरुणीही आहेत, हे या दुसऱ्या मताचे ठळक उदाहरण होय. उरण परिसरात मासळीचा व्यापार स्त्रियांच्या हाती होता, भातशेतीतही त्यांचा वाटा मोठा होता. बंदराच्या रोजगारात मात्र त्यांचे स्थान प्रामुख्याने कार्यालयीन कामापुरते राहिले. शिक्षणात मुली पुढे येत असताना हे अंतर टिकून राहावे, याचे स्पष्टीकरण वरील तिन्ही भूमिकांपैकी कोणतीही एकटी देऊ शकत नाही. प्रवासाची सुरक्षितता, पाळ्यांच्या वेळा आणि घरकामाची वाटणी हे घटकही त्यात येतात.

अनिर्णित प्रश्न

वरील आढाव्यातून चार प्रश्न खुले राहतात. पहिला प्रश्न अनुभवाचा आहे. धक्क्यावरची क्रेन कोणतीही शाळा किंवा आयटीआय विकत घेऊ शकत नाही आणि सुरक्षित क्षेत्रातील यंत्रावर बाहेरच्या विद्यार्थ्याला हात ठेवता येत नाही. सिम्युलेटर, म्हणजे यंत्राचा आभासी अनुभव देणारे उपकरण, काही अंशी मदत करते, परंतु मालक अनुभव मागतो आणि अनुभव मालकाकडेच मिळतो हे वर्तुळ त्याने पूर्ण तुटत नाही. दुसरा प्रश्न मोजमापाचा आहे. प्रशिक्षित, प्रमाणित आणि पहिल्या नेमणुकीपर्यंत पोहोचलेले असे आकडे योजनांच्या यशाचे माप मानले जातात. तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी तो तरुण कोणत्या कामावर, किती वेतनावर आणि कोणत्या करारावर आहे, याला त्या मापात स्थान नसेल तर कौशल्य खरोखर रुजले की नाही हे ठरवता येत नाही. तिसरा प्रश्न हक्क व पात्रता यांच्या समन्वयाचा आहे. प्रकल्पग्रस्ताला पात्रतेची अट शिथिल करून काम द्यावे, की प्रकल्प उभा राहण्यापूर्वीच त्याला पात्र करण्याची जबाबदारी प्रकल्पाने घ्यावी, यावर एकमत नाही. चौथा प्रश्न शाळेचा आहे. इंग्रजी व गणिताचा पाया कच्चा राहिला तर नंतरचे कोणतेही अल्पकालीन प्रशिक्षण ती उणीव भरून काढू शकत नाही, मात्र शाळा व्यवसायाभिमुख करण्याच्या घाईत हा पायाच आणखी कमकुवत होण्याची भीती अनेक शिक्षक व्यक्त करतात.

या प्रश्नांना आता नवी निकड आली आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे खुली झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे उरणच्या तरुणाला दूरच्या नोकऱ्या जवळ आल्या, आणि दूरच्या उमेदवारांनाही उरणच्या नोकऱ्या तितक्याच जवळ आल्या. दुसरीकडे पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चासह मंजुरी दिली. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे, आणि सुमारे १२ लाख रोजगारांची अपेक्षा सरकारने मांडली आहे. मच्छीमारांचा विरोध, भरपाईची मागणी आणि स्थानिकांच्या रोजगाराचे आश्वासन हे उरणने पाहिलेले सर्व धागे तेथेही आहेत.

समारोप

तिन्ही भूमिका एकत्र ठेवल्यास असे दिसते की त्या परस्परांना खोडून काढण्याऐवजी प्रश्नाचे वेगवेगळे थर उलगडतात. शिक्षणाने क्षमता वाढते हे मानवी भांडवलाचा विचार सांगतो, ती क्षमता मालकाला कशी दिसते हे खुणेचा विचार सांगतो आणि तिला वाव मिळतो की नाही हे रोजगाराची रचना ठरवते. न्हावा शेवाचा अनुभव असा की पाया शाळेने घालायचा आणि यंत्र मालकाने शिकवायचे, हे श्रमविभाजन बंदराच्या कामात अटळ आहे, आणि नेमका या दोहोंमधील टप्पा गेली साडेतीन दशके कोणाच्याच निश्चित जबाबदारीत आलेला नाही. म्हणून शिकाऊ उमेदवारीच्या जागा टर्मिनल आणि फ्रेट स्टेशनांच्या करारातच नोंदवल्या जाणे, भरतीची माहिती ग्रामपंचायत, शाळा व महाविद्यालयांपर्यंत जाहीरपणे पोहोचणे, आणि प्रशिक्षित तरुणांचा किमान पाच वर्षे मागोवा ठेवला जाणे या तीन गोष्टींना अभ्यासक्रमाच्या फेररचनेइतकेच महत्त्व दिले पाहिजे. वाढवणच्या बाबतीत हे बंदर उभे राहण्यापूर्वी करता येण्याजोगे आहे. उरणमध्ये जी दिरंगाई झाली तिची किंमत एका पिढीने मोजली आहे. पालघरच्या पिढीवर तीच वेळ येऊ न देणे ही शासन, बंदर प्राधिकरण, उद्योग आणि शिक्षण संस्था या चौघांची सामायिक जबाबदारी आहे.